विहिरीचा कठडा

जनावरं खडा टाकून मत द्यायची, त्या जुन्या दिवसांतली गोष्ट. कुरणातल्या उघड्या विहिरीत शेळीचं करडू पडलं. गाढवाने दोर ओढून वाचवलं. मग कठड्याची गोष्ट निघाली. बांधणाऱ्या माकडांना द्यायला मुंग्यांकडून धान्य उसनं घ्यायचं आणि दर सुगीला घरटी पसाभर फेडायचं. मतं सारखी पडली. मत द्यायचं उरलं एकटं गाढव.

"मला ना पोर ना बाळ. मी का फेडू?"

शेळी म्हणाली, "नका फेडू, दादा. पण पुढच्या वेळी दोर धरायला तुम्ही असाल का?"

गाढवाने कठड्याच्या बाजूने खडा टाकला. दहा सुग्या पसा भरला, एकदा तर उपाशी राहून.

आता गाढव नाही. करडं त्याच कठड्याला टेकून, "पोर ना बाळ, तरी फेडत बसलं," म्हणत गाढवाच्या नावाने हसतात. हसू देत. जिवंत आहेत म्हणून हसतात.