पाडव्याची उकड

"अशा माणसांसाठी रांधायचं तरी कशाला, आक्का?"

मल्हारीने परत आलेलं ताट ओट्यावर आपटलं.

घाटमाथ्यावरच्या त्या जेवायच्या-राहायच्या उताऱ्यात दिवाळीच्या सुट्टीत पाय ठेवायला जागा नसे. लोक देवीच्या दर्शनाचं निमित्त सांगत, पण येत ते तुळसाक्काच्या हातचं खायला. मल्हारी तिच्यापाशी रांधणं शिकायला राहिला होता. जीभ मोठी तल्लख त्याची. आमटीत हिंग जरा जास्त पडला तर नुसत्या एका थेंबावरून सांगे. आणि आपल्याला हे कळतं, याचा ताठाही तेवढाच.

"कुणाचं ताट?" तुळसाक्काने विचारलं.

"त्या सरंजामे आजोबांचं. पोहे दिले तर म्हणे कोरडे. थालीपीठ दिलं तर म्हणे जळकं. चकलीला तर हात लावला नाही. सुनेसमोर, नातवंडांसमोर ओरडले माझ्यावर. जळकं नव्हतं, आक्का! मी चाखलं होतं."

"असेल. पुरी-भाजी दे त्यांना."

एवढं बोलून ती कोथिंबीर खुडायला परसात गेली.

मल्हारीने बटाट्याची भाजी वाटीत काढली. क्षणभर थांबला. मग मिठाच्या बरणीत हात घातला आणि मूठभर मीठ भाजीत कालवलं. वाईट चव कशाला म्हणतात ते कळू दे एकदा म्हाताऱ्याला.

तुळसाक्का आत आली. चाखल्याशिवाय ती काहीच बाहेर जाऊ देत नसे. तिने वाटीतली भाजी तोंडात घातली.

मल्हारी तिच्या तोंडाकडे पाहू लागला.

तिने घास चावला. गिळला. चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही.

"ने," ती म्हणाली.

मल्हारीने वाटी उचलली. पण पुन्हा खाली ठेवली.

"आक्का... मीठ घातलंय मी त्यात. मूठभर. मुद्दाम."

तिने वाटीकडे पाहिलं. मग त्याच्याकडे.

"हो का... मला कळलं नाही रे."

"कळलं नाही?"

"तू यायच्या कितीतरी आधी मोठा ताप आला होता मला. ताप गेला, तो जाताना चव घेऊन गेला. आता गूळ काय नि राख काय, मला एकच."

चुलीतलं लाकूड तडकलं. मल्हारी बघतच राहिला. रोज सकाळी ती त्याच्यापुढे पळी धरायची, "घे, सांग कसं झालंय." आक्का आपली परीक्षा घेते, असं त्याला वाटायचं.

"मग लोक म्हणतात तुमच्या हाताला चव आहे... ती?"

तिने खारट भाजी बाजूला सारली आणि दाराशी जाऊन पंगतीकडे पाहत उभी राहिली. बराच वेळ.

"सकाळपासून मी पंगतीत गेलेच नाही," ती स्वतःशीच म्हणाली. मग मल्हारीला बोलावलं. "आजोबांकडे बघ. ताटाकडे नको. त्यांच्याकडे."

नातवाने आजोबांच्या हातावर चकलीचा तुकडा ठेवला. त्यांनी तो हसून तोंडात टाकला. लगेच मान फिरवली, डोळे मिटले, आणि कुणी पाहत नाही असं बघून तुकडा काढून मुठीत लपवला. मग जोरात ओरडले, "पाणी आणा! कुणी आहे का इथे?"

"कवळी..." मल्हारी पुटपुटला.

"नवी असणार. टोचतेय. सुनेसमोर बोलायची लाज वाटते."

तिने तांदळाचं पीठ काढलं. ताकात कालवलं. लसूण-मिरचीची फोडणी दिली, उकड घोटली, झाकण ठेवलं. झाकण उघडलं तेव्हा वाफेने तिचा चेहरा दिसेना. वाफेतून पळी पुढे आली.

"चाखून सांग."

"आक्का, मी आत्ताच भाजी नासवली..."

"सांग."

त्याने चाखलं. डोळे भरून आले.

"मीठ... थोडं हवं."

तिने मिठाची बरणी त्याच्या हातात दिली आणि पाठ फिरवून वाट्या मांडू लागली.

मग स्वतः पातेलं उचलून पंगतीत गेली.

"पाडव्याला आमच्याकडे सगळ्यांनी आधी उकड खायची. पद्धत आहे."

लहानथोर सगळ्यांना तिने वाढलं. वर तूप सोडलं. आजोबांनी भीतभीत एक घास घेतला... थांबले. दुसरा घेतला. वाटी रिकामी करून पुढे केली. ती भरत असताना त्यांनी मान वर केली, तिच्याकडे पाहिलं आणि हात जोडले.

तुळसाक्का तोवर पुढच्या पानाकडे वळली होती.

मल्हारी दाराशी उभा होता. गाभाऱ्यात उभं असल्यासारखं वाटलं त्याला.

ती आत आली तेव्हा त्याने हळूच विचारलं, "ही पद्धत आपल्याकडे कधी होती?"

"आजपासून आहे."

तो तिच्या पायाशी बसला.

"आक्का, रांधणं राहू द्या. मला हे शिकवा... हे बघणं."

तुळसाक्का त्याच्याकडे पाहत राहिली. दुरून चालत आलेल्या पाहुण्याकडे पाहावं तसं.

"कालपासूनच्या गर्दीत तुझ्या पोटात अन्न गेलेलं नाही," ती म्हणाली. "बस. वाढते."