कानतुटका कप आणि सेट

कपबशासुद्धा मानपान धरून बसत, त्या काळातली ही गोष्ट. वत्सलाकाकूंच्या काचेच्या कपाटात निळ्या फुलांचा टी-सेट होता, एक किटली आणि सहा कप. एकदा धुताना एका कपाचा कान तुटला.

"उतर खाली," किटली त्याला म्हणाली. "तू आता सेटमधला नाहीस. सेट म्हणजे सगळे सारखे. दुसरा अर्थच नाही त्याला."

कपाचं डोकं फिरलं. "समोरच्या गजराच्या घड्याळाला विचार! काकू त्याला रोज सेट करतात. ते कुणासारखं दिसतं गं?"

किटलीने चोच फिरवली. दुसऱ्याच दिवशी काकूंनी तो कप खाली काढला, ओट्याच्या कोपऱ्यात ठेवला आणि त्यात कोमट दूध ओतून विरजण लावलं. कपाटात खसखस पिकली. कप मात्र जागचा हलला नाही.

सकाळी काकूंनी तो तिरका करून पाहिला. "अगं बाई, काय सुरेख सेट झालंय दही!" म्हणाल्या, आणि मग रोज त्यातच दही लावू लागल्या.

पुढे कपाटातले दोन कप फुटले. किटलीचा आवाज एकदम मऊ झाला. "ये बाबा वर. सेट अगदीच अपुरा दिसतो. तुटकी बाजू भिंतीकडे करून बस, म्हणजे झालं."

"तोंड लपवून मी कुठेच बसत नाही," दह्याने काठोकाठ भरलेला कप म्हणाला. "आणि वर कशाला येऊ? मी इथे सेट आहे."