पंख्याची लेखी हमी

जुन्या बाजारात विजेच्या जुन्या वस्तू धुंडाळायचा मालनबाईंना भारी नाद. एका रविवारी त्यांना लोखंडी टेबलफॅन सापडला. घरी आणून त्यांनी तो खोलला, पुसला आणि दुसऱ्या दिवशी थेट धनपालशेठ बेडग्यांच्या शोरूममध्ये नेऊन ठेवला.

दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं. शेठ खो खो हसले. "बाई, हे भंगार कशाला आणलंत? माझ्या पंख्यांना पाच वर्षांची लेखी हमी आहे. याची लेखी हमी देणारा एक माणूस दाखवा, आजपासून दुकानात हाच पंखा लावतो!"

"मग वाचा, शेठ," म्हणत मालनबाईंनी पंख्याच्या बुडाचं झाकण काढलं. जुने मिस्त्री दुरुस्ती केली की आत खिळ्याने नाव कोरत. तिथे लिहिलं होतं : 'नेमगोंडा बेडगे, मार्च १९७४.'

शेठांचं हसू मावळलं. गल्ल्यामागे हार घातलेला फोटो होता तो याच नेमगोंडांचा, त्यांच्या वडिलांचा.

"पन्नास वर्षं झाली, अजून गार वारा देतोय," मालनबाईंनी फोटोला हात जोडले. "त्यांचे आभार मानायलाच आले होते."

आजही दुकानात तोच पंखा फिरतो. कुणी हसलं, तर शेठ स्वतः झाकण काढून दाखवतात.