वगळलेला प्रश्न

फार मागे एका रानात वडाखाली प्राण्यांची सभा भरे आणि वर फांद्यांवर पाखरांची. दोन्हीकडचं बोलणं साळुंकी पाठ करी आणि सकाळी तळ्याकाठी सगळ्या रानाला ऐकवी.

एकदा सशीण सभेत कडाडली, "तळ्याचं पाणी कोण वळवतंय?"

"मी नाही! माझा मेहुणाही नाही!" अध्यक्ष रानडुक्कर ओरडलं. "आणि साळुंके, हिचा प्रश्न कामकाजातून वगळ!"

साळुंकीचं डोकंच फिरलं. पिलांचे घसे कोरडे पडलेत, आणि याला साधा प्रश्न सोसत नाही! पण हुकूम तो हुकूम. तिने प्रश्न तेवढा वगळला.

सकाळी ती तळ्याकाठी खणखणीत आवाजात म्हणाली, "अध्यक्ष म्हणाले, मी नाही, माझा मेहुणाही नाही."

म्हाताऱ्या गव्याने आटत चाललेल्या तळ्याकडे पाहिलं आणि शिंगं रोखली. "कोणी काही विचारलंच नाही, तर हा नाही म्हणतोय कशाला? चला रे, आधी मेहुण्याचं डबकं बघू!"