दस्तगीरचाचांचं वाचन

"चाचा, तुम्हाला एक अक्षर वाचता येत नाही. मग ही कादंबरी चांगली, हे कशावरून ठरवलंत?"

प्राध्यापक जयंत मुतालिकांनी विचारलं हसत, पण मनातून ते चांगलेच चिडले होते.

मिरजेच्या त्या वाचनालयात कपाटं पुरेनाशी झाली, तेव्हा समितीनं त्यांनाच गळ घातली होती. फाटक्या कादंबऱ्यांतल्या कोणत्या बांधून घ्यायच्या आणि कोणत्या रद्दीत घालायच्या, ते त्यांनी सांगायचं. गावात त्यांच्या परीक्षणांचा दरारा होता. अलीकडं वाचलेल्यांपैकी दोनच आवडल्या, बाकी सगळ्यांनी निराशा केली, असं ते चारचौघांत म्हणत, आणि ऐकणारे निमूट माना डोलवत.

दस्तगीरचाचा तिथं पन्नास वर्षं पुस्तकं बांधत होते. आज त्यांनी कुणाला न विचारता रद्दीच्या ढिगातली एक जाडजूड कादंबरी उचलून आपल्याकडं ठेवली होती.

"कशावरून म्हणजे..." चाचांनी हातातलं दाभण खाली ठेवलं. "जयंता, तुला आवडलेली एखादी दे बघू इकडं."

जयंता शाळेत जायचा तेव्हापासून चाचा त्याला ओळखत. प्राध्यापकी त्यांच्या गावीही नव्हती.

जयंतरावांनी एक सडपातळ कादंबरी पुढं केली. तिचा पुठ्ठा वाळवीनं खाल्ला होता, पानं मात्र कोरी करकरीत होती. चाचांनी ती कण्यावर उभी धरली आणि दोन्ही हात बाजूला घेतले.

पुस्तक आपसूक उघडलं. त्या पानावर पेन्सिलीच्या रेघा होत्या, जयंतरावांनीच मारलेल्या.

"ही तू एकट्यानंच वाचलीस," चाचा म्हणाले. "बांधतो. एकाला आवडली, तरी पुष्कळ झालं."

मग त्यांनी ती जाडजूड कादंबरी तशीच उभी धरली आणि सोडली.

पान तीनशे सत्तेचाळीस.

मिटली, पुन्हा सोडली. तेच पान. तिसऱ्यांदाही तेच.

"तीनदा बांधलीय मी ही. नवी शिवण घातली, आठ-आठ दिवस वजनाखाली दाबून ठेवली. वर्षभरात तिथंच उघडायला लागते बघ."

जयंतराव वाकले. पानाच्या कडा बोटं लागून लागून जुन्या धोतरासारख्या मऊ झाल्या होत्या. खालच्या कोपऱ्यात हळदीच्या अंगठ्याचा ठसा होता. किती माणसं इथं येऊन थांबली असतील...

आणि या पानावर काय आहे, ते त्यांना ठाऊक नव्हतं. पहिली पन्नास पानं आणि शेवटची दहा वाचून परीक्षण लिहायचं, ही त्यांची जुनी सवय. या कादंबरीला त्यांनी 'पसरट' म्हटलं होतं आणि ते छापूनही आलं होतं.

"मी कधी कुणाला विचारलं नाही," चाचा म्हणाले. "काय लिहिलंय तिथं? वाच."

जयंतराव उभ्या उभ्याच वाचू लागले.

एका बहिऱ्या बापाचा मुलगा गाणं शिकत होता. तो रोज रियाजाला बसला, की बाप शेजारी यायचा आणि तंबोऱ्याच्या भोपळ्यावर तळहात टेकून बसून राहायचा. एक दिवस मुलाला कंटाळा आला. बापाला काय कळणार, म्हणून त्यानं तारा छेडत नुसते ओठ हलवले.

बापानं भोपळ्यावरचा हात उचलला, आणि...

जयंतरावांचा आवाज तिथंच अडला. पुढची ओळ स्पष्ट दिसत होती, पण तोंडातून शब्द फुटेना. त्यांना लाज वाटली, आणि लाजेहून कितीतरी मोठं नवल वाटलं. हे इथं होतं. इतकी वर्षं, इथंच होतं.

"चाचा, पुढं..."

चाचा त्यांच्या तोंडाकडं बघत होते. मग त्यांनी पुस्तक अलगद काढून घेतलं.

"राहू दे. कळलं मला काय लिहिलंय."