साचा ओला आहे, हे कोण सांगणार?

ज्या काळी गावांचा दिवस घंटेच्या ठोक्यांवर चालायचा, त्या काळी एका नगरात एक विदुषी राहत होती. कोणी व्याकरण शिकत, कोणी ग्रहतारे. हिने वेगळाच विषय धरला होता. एकत्र काम करणारी माणसं एकमेकांवर विश्वास कधी ठेवतात, त्यांचं कुठे बिनसतं आणि बिनसलेलं पुन्हा कसं जुळतं, याचा ती अभ्यास करी. कोष्ट्यांच्या मागाजवळ, गवंड्यांच्या परातीशेजारी ती तासन्‌तास बसे, ऐके आणि टिपून ठेवी.

एकदा त्या नगरातल्या घंटांच्या कारखान्यात लागोपाठ तीन घंटा तडकल्या. तिसरीच्या वेळी तर साच्यातून वितळलेल्या धातूचा रस उसळला आणि भट्टीवाल्याचा हात भाजला. साचे करणारे म्हणत, ओतणाऱ्यांचा हात चुकला. ओतणारे म्हणत, साचाच खोटा. दोन्हीकडची माणसं एकमेकांकडे पाणीसुद्धा पिईनात. शेवटी कारखानदाराने विदुषीला बोलावून घेतलं.

"राजवाड्याची मोठी घंटा ओतायची आहे," तो म्हणाला. "साचा आजच तयार झालाय. पाचव्या दिवशी भट्टी पेटेल. तोवर दोष कुणाचा ते मला शोधून द्या."

विदुषी रोज कारखान्यात जाऊन बसू लागली. "तुम्ही काय बोललात ते मी कुणाचं नाव घेऊन सांगणार नाही," असा शब्द तिने प्रत्येकाला दिला. तरी पहिले दोन दिवस कोणी तोंड उघडलं नाही.

तिसऱ्या दिवशी म्हातारा साचेकार येसोबा माती मळता मळता हळूच म्हणाला, "बाई, एवढा साचा वाळायला आठ दिवस लागतात. मालक पाचच देतात. आत ओल राहते. त्यावर रस पडला की वाफ कोंडते, मग घंटा तडकते."

"मग मालकांना सांगत का नाही?"

"माझ्या आधीच्या साचेकाराने सांगितलं होतं. कामचुकार म्हणून त्याला हाकललं. तेव्हापासून मालकांनी विचारलं, की आम्ही 'वाळला' म्हणतो."

त्याच संध्याकाळी कान्हू ओताऱ्यानेही मन मोकळं केलं. "साच्यावर हात ठेवला की मला ओल कळते. पण मी बोललो तर म्हणतील, स्वतःची चूक दुसऱ्यावर ढकलतोय. म्हणून देवाचं नाव घेतो आणि ओततो."

विदुषी टिपणं जुळवू लागली. खरं काय ते दोघांनाही ठाऊक होतं, आणि दोघेही गप्प होते. नाव सांगितलं तर म्हाताऱ्याची भाकरी जाणार. गप्प बसलं तर कुणाचा तरी जीव जाणार.

सकाळी ती येसोबाकडे गेली. "तुम्हीच मालकांना सांगा. मी तुमच्या शेजारी उभी राहते."

"तुमचं ठीक आहे हो, बाई," येसोबा म्हणाला. "तुम्ही उद्या दुसऱ्या कारखान्यात जाल. चूल माझी विझेल." आणि तो पाठ फिरवून कामाला लागला.

पाचवा दिवस उजाडला. भट्टी धगधगू लागली. कारखानदाराने सगळ्यांना गोळा केलं. "हं, बोला बाई. दोषी कोण?"

"नाव मी सांगणार नाही. तसा शब्द दिला आहे. पण साचा ओला आहे. आज ओतलंत तर माणूस भाजून मरेल."

कारखानदार भडकला. "म्हणजे ओताऱ्यांनी तुमचे कान भरले! कान्हू, चल, चालता हो इथून! आणि बाई, सरळ नाव सांगा. नाहीतर तुमच्या विद्येला या नगरात कुणी विचारणार नाही, अशी व्यवस्था करीन."

"जशी तुमची मर्जी," विदुषी म्हणाली. "पण कान्हूवर अन्याय होतोय, एवढंच सांगते."

कान्हूने मुकाट्याने खांद्यावर पंचा टाकला आणि तो निघाला. येसोबा हे सारं पाहत होता. या बाईने स्वतःचं नुकसान होऊ दिलं, पण त्याचं नाव घेतलं नाही. तो पुढे आला.

"मालक, कान्हूला काढू नका. साचा माझा आहे आणि तो ओला आहे. आधीचे तिन्हीही ओलेच होते."

कान्हू दारातूनच वळला. "मलाही कळत होतं, मालक. मीही बोललो नाही."

"मग मला कुणी सांगितलं का नाही?" कारखानदार ओरडला.

हात भाजलेला भट्टीवाला कोपऱ्यातून म्हणाला, "एकाने सांगितलं होतं. त्याला तुम्ही घालवलंत."

कारखानदाराने खाली वाकून साच्यात हात घातला. बोटांना ओली माती लागली. त्याने ती बोटं सगळ्यांसमोर धरली. मग म्हणाला, "भट्टी विझवा."

तो स्वतः राजवाड्यावर गेला, बोलणी खाल्ली आणि तीन दिवस मागून आणले. तीन दिवसांनी घंटा ओतली. साचा फोडला तर आत अखंड, नितळ घंटा! येसोबा आणि कान्हूचे खटके पुढेही उडत राहिले, पण आता समोरासमोर आणि कामावरून. जुन्या साचेकारालाही कारखानदाराने परत बोलावलं.

महिन्याभराने भट्टीवाला येऊन म्हणाला, "मालक, रस वितळवायची मूस तडकल्यासारखी वाटते. आज काम नको."

कारखानदाराच्या कपाळावर आठ्या पडल्या. काहीतरी कडू त्याच्या ओठांवर आलं होतं. ते त्याने गिळलं आणि विचारलं, "नवी व्हायला किती दिवस लागतील?"

तात्पर्य इतकंच: खरं बोलणाऱ्याला जिथे शिक्षा होते, तिथे चुका लपून वाढतात. विश्वास हवा असेल तर आधी दिलेला शब्द पाळावा आणि कडू बोल ऐकून घ्यावा.