म्हाळसाआत्तीचा पांढरा पुंजका

करडेमाळाला रस्ता नव्हता, नुसती मेंढरांनी पाडलेली पायवाट होती, तेव्हाची ही फार वर्षांपूर्वीची गोष्ट. ऐकणाऱ्यानं ऐकावी, मधूनमधून हुंकार भरावा, आणि खोटी वाटली तर करडेमाळाला जाऊन विचारावं. तिथलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल.

करडेमाळ हे घोंगड्या विणणाऱ्यांचं गाव. घरोघरी जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडून बसायचं आणि पुढ्यातल्या मागावर दिवसभर काळी लोकर विणायची. काळ्या धाग्याशेजारी काळा धागा. त्या गावात म्हाळसा नावाची बाई होती. सगळं गाव तिला आत्ती म्हणायचं. तिची नजर इतकी तेज, की काळ्या मेंढराच्या पाठीवरची काळी मुंगी तिला बांधावरून दिसायची, असं म्हणतात. आता ती मुंगी होती की गोचीड, ते त्या मेंढरालाच ठाऊक.

तिचा नवरा सिदाप्पा. माणूस गरीब स्वभावाचा, पण चालताना चौकटीला खांदा आपटायचा, वाटेतली घागर लवंडायचा. म्हाळसा करवादायची, "डोळं फुटलं का काय तुमचं?" सिदाप्पा हसायचा आणि घागर उचलून ठेवायचा. त्याचे डोळे दुखत नव्हते, लाल होत नव्हते, पाणी गळत नव्हतं. समोरचं सगळं त्याला लख्ख दिसायचं. मग एक दिवस समोरचंही दिसेना.

चार दिवसांच्या वाटेवर, नदीपलीकडच्या शहरात डोळ्यांचा एक डॉक्टर होता. म्हाळसानं नवऱ्याला हाताला धरून तिथवर नेलं. डॉक्टर म्हणाला, "बाई, याची नजर कडेकडेनं कितीतरी दिवस जात होती. गेलेली नजर मला परत आणता येत नाही. उरलेली असती, तर ती राखता आली असती. लवकर का नाही आणलंत?"

लवकर म्हणजे कधी? दुखतच नव्हतं, तर आणायचं कधी? परतीच्या वाटेवर तिला एकेक चौकट आठवली, एकेक घागर आठवली. जिला बांधावरून मुंगी दिसते, तिला घरातलं दिसलं नाही. सिदाप्पा पुढं सात वर्षं अंधारात जगला आणि रोज सकाळी विचारायचा, "म्हाळसा, उजाडलं का गं?" तो गेल्यावर ते विचारणारंही कुणी उरलं नाही.

मग म्हाळसाआत्तीनं एक गोष्ट सुरू केली. वर्षातून एकदा गावची सगळी मेंढरं माळावर कातरली जायची. कातरणीच्या दुसऱ्या दिवशी ती माळावरच्या सपाट दगडावर बसली, पुढ्यात घोंगडी अंथरली आणि गावाला म्हणाली, या. येईल त्यानं समोर बसायचं, एक डोळा तळव्यानं झाकायचा आणि तिच्या कपाळावरच्या हिरव्या गोंदणावर नजर लावायची. नजर हलवायची नाही. आत्तीच्या हातात काडीला बांधलेला पांढऱ्या लोकरीचा पुंजका असायचा. तो ती कानाच्या मागून हळूहळू पुढं आणायची. पुंजका दिसला की "दिसला" म्हणायचं. मग दुसरा डोळा. एवढंच. दुखो न दुखो, वर्षाला एकदा.

पहिली दोन-तीन वर्षं लोक हौसेनं आले. गावाला करमणूकच झाली ती. मग कोंडिबा नावाचा तरणाताठा विणकर बसला आणि पुंजका पार गालापुढं आला तरी गप्पच राहिला. आत्ती म्हणाली, "कोंडिबा, तुझी उजवी कड चाललीया. डॉक्टरकडं जा."

कोंडिबा म्हणाला, "मला समोरची चिंच दिसतीय, चिंचेवरचा कावळा दिसतोय. चार दिस वाट तुडवत जाऊ कशाला?"

तो गेला नाही. दीड वर्षात त्याला ना चिंच दिसली, ना कावळा. त्याच साली आत्तीनं एका म्हातारीला तसंच सांगितलं होतं. तिचीही नजर गेली. झालं! गावाला काय, काडीचा आधार पुरतो. आत्ती बोलली म्हणून डोळे गेले, असं कुणीतरी म्हणालं आणि बघता बघता सगळे म्हणायला लागले. हिची जीभ काळी. ही बोलते ते खरं होतं. चांगल्या डोळ्यांना हिच्यासमोर नेऊच नये.

त्यात सगळ्यात मोठा आवाज ठकूबाईचा. आणि या ठकूबाईच्या घरातच आत्तीचा जीव अडकलेला होता. आत्तीचा भाऊ लहानपणीच पोरगी मागं ठेवून वारला होता. त्या पोरीला, हौसाला, आत्तीनं पोटच्या लेकीसारखं वाढवलं आणि गावातच, ठकूबाईच्या मायाप्पाला दिलं होतं. दोन घरं सोडून तिसरं घर. ठकूबाईनं सुनेला बजावलं, "आत्तीच्या कपाळाकडं बघशील, तर माझ्या घराची पायरी चढायची न्हाई."

तेव्हापासून नऊ वर्षं आत्तीशी कुणी बोललं नाही. नऊ वर्षं! म्हणायला सोपं आहे. विणून झालेल्या घोंगडीला चिंचोक्याची खळ लावायची असते, ते काम तेवढं गावानं तिच्याकडं ठेवलं, कारण तिच्यासारखी खळ कुणाला जमत नव्हती. पण घोंगडी कुंपणावर टाकायची आणि कुंपणावरूनच उचलायची. घोंगड्या यायच्या, माणसं यायची नाहीत. आत्ती वीण चाचपून म्हणायची, "ही कोंडिबाच्या भावाची, घाईत हाय गडी. ही मायाप्पाची, आज भांडून बसला हुता." असं ती घोंगड्यांशीच बोलायची. दुसरं कोण होतं?

आणि तरीही कातरणीच्या दुसऱ्या दिवशी ती दगडावर जाऊन बसायचीच. सकाळपासून दिवस कलेपर्यंत. पुढ्यात रिकामी घोंगडी. गावातल्या एकेकाचं नाव घ्यायची, पुंजका कानामागून पुढं आणायची, आणि उत्तर आल्यासारखी मान हलवायची. एका वर्षी एक मेंढरू येऊन घोंगडीवर बसलं. तिनं त्याचेही दोन्ही डोळे तपासले, असं म्हणतात. गाव लांबून हसलं. मला मात्र या जागी हसू येत नाही.

दहाव्या वर्षी, कातरणीच्या चार दिवस आधी, कुंपणावर हौसाची घोंगडी आली. हौसाची वीण म्हणजे गावात अव्वल. आत्तीनं ती अंगणात पसरली, हात फिरवला आणि डाव्या काठाशी तिचा हात थांबला. काठाला धागे तुटलेले, तसेच लोंबत ठेवलेले. उजवा काठ सुरीनं कापल्यासारखा सरळ. डाव्या काठाचं तुटलेलं हौसाला दिसलंच नव्हतं.

तिकडं ठकूबाईच्या घरीही काठाची बोंब झाली होती. त्यांनी काय केलं? मागाचा खुंट बदलला. मागावरून मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. आणि ठकूबाईनं चारचौघींत आत्तीलाही नावं ठेवली, "त्या म्हाळसाच्या हातातबी आता आळस शिरलाय. खळ लावती ती काठाला लागतच न्हाई."

आत्ती तीन दिवस जेवली नाही, असं म्हणतात. बोलावं, तर पोरीच्या माथी काळ्या जिभेचा शाप मारला म्हणून गाव तिलाही वाळीत टाकेल आणि कुणी डॉक्टरकडं नेणार नाही. न बोलावं, तर हौसाही एक दिवस विचारणार, उजाडलं का गं. चौथ्या दिवशी कातरणी होती. सगळं गाव माळावर जमलेलं. आत्ती सरळ गर्दीत शिरली. माणसं बाजूला सरली, बायकांनी पोरांच्या तोंडावर पदर ओढले.

आत्ती म्हणाली, "माझी जीभ काळी हाय म्हंता न्हवं? मी बोलते ते खरं हुतं म्हंता? मग आज ऐका. हौसा आत्ताच्या आत्ता माझ्यासमोर बसली न्हाई, तर तिचं डोळं जातील. बसली, आणि मी सांगीन तिथं गेली, तर ऱ्हातील."

आता आली का पंचाईत! नऊ वर्षं जिनं छातीठोकपणे सांगितलं की म्हाळसाचा शब्द खरा होतो, ती ठकूबाई आता तो खोटा कसा म्हणणार? इकडं आड, तिकडं विहीर. ती म्हणाली, "बस जा गं हौसा. पर आत्ती, हिचं डोळं गेलं, तर तू या गावात ऱ्हायचं न्हाई."

"न्हाई ऱ्हात," आत्ती म्हणाली.

हौसा समोर येऊन बसली. नऊ वर्षांनी इतक्या जवळून. ती म्हणाली, "आत्ती, किती वाळलीस गं."

"गप. गोंदणाकडं बघ. उजवा डोळा झाक."

आत्तीनं पुंजका डाव्या कानामागून पुढं आणायला सुरुवात केली. माळावरचं वारं थांबलं आणि हजार मेंढरं एकदम ओरडायची थांबली, असं म्हणतात. पुंजका कानापाशी आला. हौसा गप्प. डोळ्याच्या कोपऱ्याशी आला. हौसा गप्प. शेवटी तीच म्हणाली, "आण की गं पुंजका." तो तिच्या गालाला टेकायला आला होता, आणि ते सगळ्या गावानं डोळ्यांनी पाहिलं.

उजवा डोळा मात्र बराचसा शाबूत होता. आत्ती म्हणाली, "गेलं त्याला विलाज न्हाई. ऱ्हायलंय ते ऱ्हाईल. उद्या उजाडताच निघा."

हौसा आणि मायाप्पा निघाले. रानात वाट चुकले, तेव्हा आत्तीनं हौसाच्या पदराला बांधलेला पुंजका सुटला आणि वाऱ्याच्या उलट दिशेनं तरंगत पुढं चालला. त्याच्या मागोमाग जाताना चार दिवसांची वाट दोन दिवसांत सरली, असं म्हणतात. मायाप्पा म्हातारपणी सांगायचा, की चार दिवसच लागले आणि पायाला फोड आले ते वेगळेच. ज्याला जे मानायचं ते त्यानं मानावं.

डॉक्टरनं हौसाला दीड महिना ठेवून घेतलं. डोळ्यावर शस्त्रक्रिया केली, रोज घालायचं औषध दिलं. निघताना म्हणाला, "वेळेवर आलीस. आता ही नजर टिकेल, फक्त दरवर्षी दाखवत जा. आणि ऐक. हे दुखणं रक्तातून उतरतं, आणि ज्याचं त्याला कळत नाही. तुझ्या रक्ताचं घरात आणखी कोण आहे?"

हौसा म्हणाली, "बाप न्हाई. एक आत्ती हाय."

म्हणाली, आणि तिच्या ध्यानात आलं. सगळ्या गावाचे डोळे आत्तीनं पाहिले होते. आत्तीचे कुणी पाहिले होते? पुंजका आपल्याच डोळ्यापुढं आपणच धरून कळत नाही. तो धरायला समोर माणूस लागतं.

करडेमाळाला पोचल्यावर हौसा स्वतःच्या घरी गेलीच नाही. आत्ती अंगणात गाठोडं बांधून बसली होती. हौसाचे डोळे गेले असते, तर त्याच पावली निघायचं, म्हणून. हौसाला दिसतंय हे पाहून गाव गोळा झालं, ठकूबाईही आली. हौसा कुणाशी बोलली नाही. तिनं घोंगडी अंथरली, आत्तीला खांद्याला धरून खाली बसवलं आणि नवा पुंजका काडीला बांधला.

"माझं कशाला बघतीस?" आत्ती म्हणाली. "मला मुंगी दिसती."

"माझ्या कपाळाकडं बघ आत्ती."

हौसानं पुंजका कानामागून आणला. कानापाशी. डोळ्याच्या कडेशी. गालापुढं. आत्ती शांतपणे कपाळाकडं बघत बसली होती. थोड्या वेळानं म्हणाली, "धर की गं हौसा. किती येळ लावतीस?"

पुंजका आत्तीच्या डोळ्यापुढं, नजरेच्या रेषेपासून बोटभरावर होता. दुसऱ्या डोळ्याचंही तेच. मधोमध मसुराच्या दाण्याएवढी नजर उरली होती, आणि तेवढ्याशा नजरेनं तिनं हौसाची तुटलेली कड शोधली होती. काठाला खळ का लागत नव्हती, ते गर्दीतल्या ठकूबाईला तेव्हा कळलं.

आत्तीला डॉक्टरकडं नेलं. सगळं गाव न्यायला तयार होतं, पण फार उशीर झाला होता. तीन वर्षांत उरलेला दाणाही विझला. त्यानंतर दरवर्षी करडेमाळाचं पोरबाळ, म्हातारंकोतारं तिच्यासमोर येऊन बसायचं, रांग माळाच्या टोकापर्यंत जायची. ती अंदाजानं पुंजका धरायची, आणि कुणी लबाडीनं आधीच "दिसला" म्हणालं, तर श्वासावरून ओळखायची, असं म्हणतात. नऊ वर्षं तिला डोळे होते, तेव्हा घोंगडी रिकामी होती. घोंगडी भरली, तेव्हा तिला एकही तोंड दिसलं नाही. याचं वाईट वाटतं, आणि ते वाटायलाच हवं.

आता करडेमाळाला डांबरी रस्ता आहे. कातरणीच्या दुसऱ्या दिवशी तालुक्याहून डॉक्टर यंत्र घेऊन येतो. मोतीबिंदू बघतो, डोळ्यातला दाब मोजतो, औषध घालून पार आत डोकावतो. त्या दिवशी गावातले सगळे माग बंद असतात, आणि डोळे दाखवल्याशिवाय कुणी धाग्याला हात लावत नाही. पण यंत्र सुरू होण्याआधी म्हाळसाआत्तीच्या नावानं दगडापुढं घोंगडी अंथरतात आणि डोळे तपासून घ्यायचा पहिला मान बघणाऱ्याला, म्हणजे डॉक्टरलाच, देतात. नवा डॉक्टर आला की पहिल्या वर्षी हसतो. म्हणतो, माझे डोळे चांगले आहेत, मला काही होत नाही.

मग गावातली सगळ्यात म्हातारी बाई हातात पुंजका घेऊन त्याला विचारते, "सायेब, तुमचं डोळं कोण बघतं?"

डॉक्टर चष्मा काढून ठेवतो, घोंगडीवर मांडी घालतो आणि एक डोळा तळव्यानं झाकतो.